मदत हवी आहे: चीनमध्ये अपघातानंतर चालक पळून गेल्यास पळणे दोनदा (एकदा गुन्हा ठरवताना, पुन्हा शिक्षा वाढवताना) मोजले जाते का?

चिनी फौजदारी कायद्याचे कलम 133 : अपघाताच्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद, पळाल्यास 3 ते 7, पळाल्यामुळे मदत न मिळून जखमी दगावल्यास किमान 7. एकच गंभीर जखमी असेल आणि पळण्यामुळेच गुन्हा उभा राहत असेल, तर सर्वोच्च जन न्यायालयाच्या 2000 च्या स्पष्टीकरणाचे कलम 3 त्याच पळण्यासाठी शिक्षा वाढवू देत नाही. इथपर्यंत स्पष्ट आहे.

अडकलोय ते मृत्यूच्या प्रकरणात. माणूस जागीच गेला, आणि वाहतूक पोलिसांनी केवळ चालक पळाला म्हणून पूर्ण जबाबदारी त्याच्यावर टाकली. अशा वेळी न्यायालये अपघातातली मूळ चूक कुणाची हे स्वतंत्रपणे तपासतात, की थेट 3 ते 7 लावतात? बचावासाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे. कुणाकडे असे निकाल असतील तर कृपया न्यायालय आणि वर्ष कळवा.