गारा मार्चमध्येच का?

थंडी सरल्यावरच गारा का पडतात, आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा होऊन शेतकऱ्याला मदत मिळते तर पुढे अडतं कुठे, असं बरेच जण विचारतात. गारेला जमिनीवरची थंडी लागत नाही, वर चढणारा हवेचा जोर लागतो. मार्चच्या सुमारास जमीन तापलेली, बंगालच्या उपसागरावरून बाष्प आलेलं आणि उंचावर गार हवा. ढगातले थेंब शून्याखालीही पाणीच राहतात, बर्फाच्या कणावर आदळले की गोठतात. वर चढणाऱ्या हवेच्या झोताला पेलवेल तोवर गार वाढते. मोठी गार कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

मदतीचं म्हणाल तर २०१४ आठवा. मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात काढणीला आलेला गहू-हरभरा आडवा झाला. पण ते नुकसान एका हंगामाचं, बागांचं तसं नाही. द्राक्षाचा मणी तडकला की निर्यात संपली, माल मिळेल त्या भावाने बेदाण्याला. शिवाय काडीची, म्हणजे वेलीच्या फांदीची, साल फाटते, त्यामुळे वेलीला पुढच्या हंगामातही त्रास. डाळिंबात जखमेतून तेल्या हा जिवाणूंचा रोग शिरतो. औषधं, मजुरी, कर्ज मात्र आधीच डोक्यावर. बागांसाठी मदतीचे निकष वेगळेच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

आणि पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीचं संरक्षण जिथे लागू असेल, तिथे नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते, तेवढं चुकवू नका.