लोखंडी बंपर नक्की कोणासाठी? (थार, जिम्नी, गुरखावाल्यांनी वाचावे, इतरांनी तर जरूर वाचावे)

मानपाडाकर

परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्ट फिरत आली. सार असं: फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) घेतलीत ना, मग शोरूममधून थेट फॅब्रिकेटरकडे न्या, कंपनीचं प्लॅस्टिक उतरवा आणि जाड प्लेटचा लोखंडी बंपर चढवा. शेवटची ओळ: "मग घोडबंदरला गाड्या आपोआप बाजूला होतात." खाली अंगठ्यांचा पाऊस. मी दोन ओळींत हरकत घेतली तर उत्तर आलं, हॅचबॅकवाल्यांनी यात पडू नये. माझ्याकडे थार आहे, ते असो.

गाड्या बाजूला होतात त्या घाबरून. आणि बाजूला होऊ न शकणारे? घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत आपल्यासमोर येतं कोण ते आठवा. सिग्नल तोडून पळणारा डिलिव्हरीवाला, मध्येच वळणारी रिक्षा, दुभाजकावरून उतरणारी शाळेची पोरं. कंपनीचा बंपर आणि त्याच्या मागचा भाग दबतो, म्हणून पायाचं हाड वाचायची थोडी तरी आशा असते. पाच एमेमची प्लेट दबत नाही. युरोपने असले कडक गार्ड २००५ च्या नियमांनंतर जवळजवळ हद्दपार केले ते याच कारणासाठी, तिथल्या लोकांना ऑफ-रोडिंग कळत नाही म्हणून नव्हे.

आता आत बसलेल्यांचं. बंपरच्या बीममागे, चॅसीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) टोकांना चुरगळणारे डबे असतात. टक्कर झाली की ते आधी चेपतात आणि धक्का लांबवतात. फॅब्रिकेटर ते काढून प्लेट थेट चॅसीला बोल्ट करतो, म्हणजे सगळा धक्का सरळ चॅसीत आणि तिथून तुमच्या मानेत. एअरबॅगचा संगणक गाडीचा वेग किती झटक्यात कमी होतो ते बघून निर्णय घेतो. तो हिशेब कंपनीच्या बंपरवर बसवलेला असतो, तुमच्या वेल्डरच्या नाही.

वजनाचं कोणी बोलतच नाही. बंपर पन्नास किलो, विंच (दोराने ओढून अडकलेली गाडी काढणारं मोटरचं यंत्र) चाळीस किलो धरा. हे ओझं पुढच्या ॲक्सलच्याही पुढे, अंदाजे पाऊण मीटरवर लटकतं. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २४५० मिमी. साधं तरफेचं गणित केलं तर नव्वद किलोचे पुढच्या चाकांवर ११५ च्या वर होतात आणि मागची चाकं वरच्या सत्तावीसेक किलोंनी हलकी होतात. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास: पावसात, रिकामी गाडी, घाटातला उतार आणि मागची बाजू हलकी.

कायदा सर्वांना माहीत आहे, तरी. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं की क्रॅश गार्ड, बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन, कारवाई करा. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, वर कैदेचीही तरतूद.

माझ्या गाडीला कंपनीचाच बंपर आहे. खाली दगडांपासून वाचवणारी स्किड प्लेट आणि अडकलेली गाडी ओढायला चॅसीला बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट. मुरबाडच्या शेतवाटांना आणि नाणेघाटाच्या पायथ्याला एवढं पुरतं.

घाटवाट_खारघर

ती व्हॉट्सॲपवरची पोस्ट लिहिणारा बावळट आहे, मान्य. पण त्याचा राग तुम्ही आम्हा सगळ्यांवर काढताय, हे वड्याचं तेल वांग्यावर.

तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंची खिचडी केली आहे. पाइप वाकवून, क्रोम मारून हेडलाइटपुढे उभा केलेला तो बुल बार. तो दिखावा आहे, त्याला माझ्याकडूनही शिव्या. विंच बंपर वेगळा. तो खालून कापलेला असतो, त्यामुळे चढाला नाक घासत नाही, आणि विंच ज्या ताकदीने ओढते ती सहन करण्यासाठीच तो बांधलेला असतो. ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या भागात अर्धी वस्ती बुल बार लावून फिरते आणि त्यांच्याकडे त्यासाठी प्रमाणही आहे. तिथले सगळे वेडे का?

२०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडकडे पाणी चढलं तेव्हा आम्ही काहीजण सामान घेऊन निघालो होतो. कशेडीच्या अलीकडे रस्त्यावर आडवं झाड. पुढे एसटी, दोन टेम्पो, एक रुग्णवाहिका, सगळे ताटकळत. जेसीबी कधी येणार कोणालाच ठाऊक नाही. माझ्या विंचचा दोर बुंध्याला गुंडाळला, दोरावर ओली सतरंजी टाकली (तुटला तर उसळून डोकं फोडतो म्हणून), लोकांना लांब केलं आणि झाड गाडी जाईल इतकं सरकवलं. त्या रात्री माझ्या बंपरला कोणी कलम १८२ए विचारलं नाही.

स्किड प्लेट म्हणे! स्किड प्लेट झाड ओढते का?

डिझेलदादा

झाड ओढायला वर्षातून एकदा, आणि वाशीच्या मॉलला मिरवायला बाकीचे ३६४ दिवस.

घाटवाट_खारघर

दादा, गाडी माझी, मॉल माझा, पार्किंगचे पैसेही माझेच. तुमचं काय जळतंय?

सानपाडा_बी_विंग

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर बोलतो, मला बंपरचं ओ की ठो कळत नाही तरी.

आमच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) एकाने अशीच गाडी आणली. पुढे बंपर, त्याला दोन लाल कड्या लटकलेल्या. गाडी मूळची चार मीटरला जराशी कमी, बंपरने ती पट्ट्याच्या बाहेर वीतभर आली. लिफ्टकडे जायची वाट तिथूनच. रात्री दिवे गेले असताना माझी सासू त्या कडीवर आपटली. नडगी सोलून निघाली, हाड दिसायचं बाकी होतं. तीन आठवडे ती पाटावर पाय ठेवून बसायची. मी मालकाला म्हटलं, तर म्हणतो, "आजींनी टॉर्च घ्यायचा ना."

मानपाडाकर

बघा. हेच सांगतोय. गाडी उभी असली तरी माणूस फुटतो.

घाटवाट_खारघर

त्या कड्यांना शॅकल म्हणतात आणि पार्किंगमध्ये काढून ठेवायच्या असतात, अर्ध्या मिनिटाचं काम. तो माणूस बेफिकीर आहे. त्याच्याकडे मारुती असती तरी तो बेफिकीरच राहिला असता.

सानपाडा_बी_विंग

मारुतीला कड्या नसतात हो! आणि पट्ट्याबाहेर आलेल्या वीतभराचं काय? ती जागा सोसायटीची.

नेरुळ_सेक्रेटरी

सोसायटीची कशी? त्याने बिल्डरकडून स्टिल्ट विकत घेतलं असेल तर?

सानपाडा_बी_विंग

घ्या, सेक्रेटरी असून हे विचारताय! स्टिल्ट पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. ३१ ऑगस्ट २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दहिसरच्या एका सोसायटीचं प्रकरण. स्टिल्ट सामायिक जागा, वाटप सोसायटी करणार. बिल्डरने लाखभर घेऊन पावती दिली तर ती लॅमिनेट करून भिंतीवर लावा, दुसरा उपयोग नाही.

नेरुळ_सेक्रेटरी

तो निकाल जुन्या मोफा (फ्लॅट मालकीच्या) कायद्याखालचा. २०१७ पासून महारेरा आहे, आता उघड्या जागेला पैसे घेता येत नाहीत, पण झाकलेलं पार्किंग विकतात. अर्धवट माहितीवर सभेत आरडाओरडा करणारे तुमच्यासारखेच असतात. मी अकरा जणांच्या कमिटीत बसतो, दर महिन्याला हेच ऐकतो.

सानपाडा_बी_विंग

आमची इमारत २००४ ची आहे. आमच्यावर मोफाच. आणि तुम्ही कमिटीत बसता म्हणूनच सगळीकडे पाहुण्यांचं पार्किंग कमिटीच्या भाच्यांना मिळतं वाटतं!

नेरुळ_सेक्रेटरी

भाचे काढू नका. मी स्वतःची गाडी तीन वर्षं बाहेर रस्त्यावर लावली, कारण माझ्या नंबरात आजोबांचा स्कूटर आणि दोन तुळशीच्या कुंड्या होत्या आणि त्यांना हलवा म्हणायला कोणी तयार नव्हतं. कुंडी हलवायला ठराव लागला. ठराव! त्याच्या बाजूने सहा, विरोधात चार, एक तटस्थ. तटस्थ मी.

डिझेलदादा

ह्या धाग्याचं नाव बदला. "बंपर, कुंड्या आणि आजोबांचा स्कूटर."

येऊरपायथा

मला एक सांगा, शनिवारी रात्री दोन वाजता येऊरकडे जाणाऱ्या या बंपरवाल्यांना कोणी आवरणार आहे का? वर संजय गांधी उद्यान आहे, बिबट्यांचा वावर आहे, आणि हे पुढे दिव्यांची पट्टी पेटवून, गाणी लावून वर जातात. आमच्या पाड्यातली म्हातारी माणसं रात्रभर जागी.

घाटवाट_खारघर

येऊरला जाणारे ऑफ-रोडर नाहीत, टवाळ आहेत. येऊरला डांबरी रस्ता आहे. त्यांना फोर बाय फोरचा लिव्हर कुठे असतो तेही माहीत नसतं. प्रत्येक वेळी त्यांच्या नावाने आम्हाला का?

येऊरपायथा

कारण रात्री अंधारात आम्हाला तुमचे बंपर सारखेच दिसतात.

मानपाडाकर

विषयावर या. घाटवाट, तुमचा झाडाचा किस्सा ऐकायला छान आहे, पण त्यातून निष्पन्न काय? झाड विंचने ओढलं, बंपरने नाही. विंच बसवायला पूर्ण लोखंडी बंपर लागतोच असं कुठे लिहिलंय? लपवलेली विंच प्लेट येते. ती कंपनीच्या बंपरमागे चॅसीला बोल्ट होते, दोर लोखंडीऐवजी डायनिमाचा (हलक्या कृत्रिम धाग्याचा) घेतला की दोन्हीकडून वजन उतरतं. थारला ९५०० पौंडांची विंच पुरेशी होते. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट हा नियम धरला तर तिथपर्यंत जायचीही गरज नाही. बारा हजार पौंडांची घेणारे बॅटरी खाऊन टाकतात, पूर्ण ताण आला की ती तीनशे-चारशे अँपिअर ओढते.

घाटवाट_खारघर

आता मुद्द्याचं बोललात, एवढं मोठं भाषण देऊन. लपवलेली प्लेट मी पाहिली आहे. वाईट नाही. पण दोन गोष्टी तुमच्या पुस्तकात नाहीत. एक, विंच इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) तोंडासमोर बसते, एप्रिलमध्ये माळशेजच्या चढाला टेम्परेचर बघा मग. दोन, चिखलात विंचचा ड्रम (दोराचं रीळ) आणि तिच्या क्लचचा लिव्हर हाताला लागला पाहिजे. प्लॅस्टिकमागे लपवलात तर गुडघाभर चिखलात झोपून चाचपडा. ९५०० पौंडाचा आकडा ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थराला लागू आहे, दोर गुंडाळत गेला की ताकद कमी होत जाते, हेही लक्षात ठेवा. म्हणून दोर जास्तीत जास्त बाहेर सोडून ओढायचं.

मानपाडाकर

दोराचं बरोबर आहे. क्लचचं तर बाजूला एक खाच कापून होतं, प्लॅस्टिक कापायला ग्राइंडर लागत नाही. आणि इंटरकूलर तुमच्या लोखंडी बंपरमध्येही झाकला जातोच, तिथे तुम्हाला टेम्परेचर दिसत नाही वाटतं.

घाटवाट_खारघर

माझ्या बंपरला समोर जाळी कापलेली आहे, महाशय. प्लाझ्मा कटने. तळोज्याच्या बाजूच्या फॅब्रिकेटरने मापं घेऊन कापली. तुमच्यासारखं सोसायटीत कटर घेऊन नव्हे.

कळव्याची_मावशी

तुमचं चालू द्या. मुलासाठी जिम्नी बघतेय. तो म्हणतो पहिल्याच दिवशी बंपर लावायचा. लावू देऊ का नको, एवढं एका ओळीत सांगा.

घाटवाट_खारघर

मावशी, मुलगा कुठे जाणार आहे ते विचारा. ऐरोलीला ऑफिसला जात असेल तर शून्य रुपये खर्च करा. डोंगरात जाणार असेल तर आधी टायर, मग रिकव्हरी पॉइंट, मग चालवायला शिकू दे. बंपर शेवटी. जिम्नीचा पुढचा भाग तसाही ३६ अंशांच्या चढाला न घासता चढतो, थारचा ४१ च्या वर. कंपनीने ते फुकट दिलंय, खाली जड प्लेट लटकवून ते घालवू नका. आणि ओढायचा पट्टा कधीही टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) किंवा वेल्ड केलेल्या हुकला लावू नको म्हणावं. हुक सुटला तर गोळीसारखा काचेतून येतो.

मानपाडाकर

म्हणजे एवढ्या भांडणानंतर सल्ला माझाच.

घाटवाट_खारघर

तुमचा सल्ला जिम्नीवाल्या मुलाला. माझी गाडी माझ्या बंपरसकटच राहणार, आणि दंड आला तर पावती इथे चिकटवीन.

सानपाडा_बी_विंग

शॅकल?

घाटवाट_खारघर

काढून ठेवतो हो पार्किंगमध्ये. ड्रायव्हरच्या सीटखाली. उद्या फोटो टाकू?