कोची फिरून आलेल्यांनो, आपापले अनुभव लिहा

कृष्णाकाठची
काल भाच्याला हळदीचे सौदे दाखवायला सांगलीच्या मार्केट यार्डात नेलं होतं. पोती फोडल्यावर जो वास सुटला, त्यात एकदम कोचीची मट्टनचेरी आठवली. तिथं ज्यू टाऊनच्या गल्लीत सुंठ, मिरी, वेलदोड्याच्या वखारी आहेत. हळदीच्या पेठेत वाढलेल्या माणसाला ते गाव परकं वाटत नाही. याच मिरीपायी पोर्तुगीज आले, १६६३ला डचांनी त्यांच्याकडून कोची घेतली, १७९५ला इंग्रज आले. प्रत्येकाची घरं, गोदामं, चर्चं अजून उभी आहेत. सहलवाले मुन्नार-अलेप्पीच्या मध्ये कोचीला जेमतेम अर्धा दिवस देतात, याचं मला फार वाईट वाटतं. मुक्काम करावा, आणि तो पाण्यापलीकडच्या एर्नाकुलम शहरात नाही, जुन्या फोर्ट कोचीत. सकाळी लवकर उठून मासे धरायच्या चिनी जाळ्यांपाशी जा. दगडांच्या वजनावर तोललेली एवढी मोठी जाळी चार-पाच माणसं मिळून दोर ओढून वर काढतात. तुम्ही काय काय पाहिलंत?

विट्याची लेक
माझे मामा तिकडंच आहेत, गलाईच्या धंद्यात! खानापूर-आटपाडीची माणसं सोनं आटवायला कुठं कुठं गेलीत. मामांची पोरं मल्याळी फाडफाड बोलतात, घरात मात्र "कुटं चाललायस रं". मामी अजून ज्वारीचं पीठ इकडनंच मागवते. आम्ही पूर्णा एक्स्प्रेसनं मिरजेतनं जातो. बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

साताऱ्याचा मास्तर
फोर्ट कोचीतलं सेंट फ्रान्सिस चर्च चुकवू नका. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला, त्याला इथंच पुरलं होतं. पुढं अस्थी पोर्तुगालला नेल्या, पण थडग्याची शिळा आहे. छताला कापडी पंखे टांगलेत, त्यांचे दोर बाहेरून ओढायचे. पोरांना इतिहास शिकवतो, पण त्या शिळेसमोर उभं राहिल्यावर अंगावर काटा आला.

बारका पैलवान
रात्रीचं काय असतंय तिकडं? आम्ही मित्र जायचं म्हणतोय. हॉटेल कुठं बघू?

कृष्णाकाठची
@बारका पैलवान, फोर्ट कोची लवकर झोपतं दादा. रात्रीची वर्दळ हवी तर एर्नाकुलमला मरीन ड्राइव्हवर जा. पण मी म्हणेन कथकली बघा. खेळाच्या आधीच जाऊन बसा, रंगभूषा समोर करतात. हिरवा चेहरा म्हणजे थोर पात्र. नुसत्या डोळ्यांनी आणि भुवयांनी नट जे बोलतो ना! राहायला होमस्टे घ्या, जुनी घरं आहेत, घरचा नाश्ता मिळतो. पुट्टू (तांदळाच्या पिठाचं, वाफवलेलं) आणि कडला करी (काळ्या हरभऱ्याची) खाच.

मिरजेची सतार
हॉटेलचा विषय निघाला म्हणून सांगते. आम्ही एर्नाकुलमला एका ठिकाणी उतरलो होतो, रात्रभर एसीतनं पाणी गळत होतं, सासूबाईंची गादी भिजली. खाली सांगितलं तर कुणी दाद देईना. शेवटी त्यांना आमच्या पलंगावर झोपवलं आणि आम्ही खुर्चीत.

विट्याची लेक
अरेरे, सासूबाईंचे हाल झाले की वो. पुढच्या वेळी मामांकडं उतरा, खरंच सांगते.

कोयनेचं पाणी
आम्हाला गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्वम देऊळ दिसलं मट्टनचेरीत. पोर्तुगीजांच्या जाचानं गोव्यातून निघालेली ही माणसं, शेकडो वर्षं झाली तरी कोकणी बोलतात. देवळाबाहेर एका आजींचं बोलणं ऐकलं, बरंचसं कळलं! आईनं त्यांच्याशी सरळ मराठीतच गप्पा सुरू केल्या, दोघी अर्धा तास उठल्या नाहीत. आईचे गुडघे तेव्हा बरे होते. आता जिना चढवत नाही तिला.

मिरजेची सतार
@कोयनेचं पाणी, आमच्या आईंना शेकानं बराच आराम पडला. काळजी घ्या त्यांची.

साताऱ्याचा मास्तर
पैलवान, वार बघून जा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद. राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, पण आत भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, तिथं सावकाश थांबा. सिनेगॉग १५६८चं. खाली चीनहून आणलेल्या निळ्या फरश्या, हातानं रंगवलेल्या. चपला काढून त्या गारव्यावर चालायचं.

बारका पैलवान
मास्तर, लई भारी माहिती. एर्नाकुलमहून पलीकडं जायला रिक्षा करू का?

विट्याची लेक
रिक्षा कशाला? बोटीनं जा! सरकारी बोट आहे, शिवाय २०२३ला वॉटर मेट्रो सुरू झालीय, बॅटरीवर चालते, आत एसी. मामी बाजाराला पण तिनंच जाते. आणि जाताना इकडची भडंग घेऊन जा.

बारका पैलवान
किती नेऊ?

विट्याची लेक
जास्तच न्या. मिरज सुटली की अख्खा डबा मागतोय.