मदत हवी आहे: ग्राफमधले चढउतार इंग्रजीत लिहिताना आकड्यांची नुसती यादी होते – आयईएलटीएस, टास्क १

कोराकागद

नमस्कार. आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रायटिंगमधल्या टास्क १ बद्दल, म्हणजे ग्राफचं वर्णन लिहायच्या प्रश्नाबद्दल विचारायचं आहे. वर जाणं, खाली येणं यासाठीच्या शब्दांची लांबलचक यादी पाठ आहे. तरी लिहायला घेतलं की परिच्छेद रेल्वेच्या वेळापत्रकासारखा होतो: या साली इतके, त्या साली तितके.

सरावासाठी बनवलेला काल्पनिक लाइन ग्राफ खाली देतोय. एका शहरात कामावर जाणाऱ्यांपैकी किती टक्के लोक कशाने जातात, त्याचे १९८०, १९९०, २०००, २०१० आणि २०२० चे आकडे:

बस: ४५, ४०, ३०, २५, ३०
कार: २०, ३५, ५५, ६०, ४५
सायकल: ३५, २५, १५, १५, २५

माझा मसुदा, इंग्रजी वाक्यं देवनागरीत:

«द ग्राफ शोज द परसेंटेज ऑफ पीपल. इन १९८० बस वॉज ४५ परसेंट. देन इट वॉज डिक्रीज्ड टू ४० परसेंट इन १९९०. आफ्टर दॅट इट वॉज डिक्रीज्ड ड्रॅमॅटिकली टू ३० परसेंट. कार रोझ अप बाय ६० परसेंट इन २०१०. सायकल फ्लक्च्युएटेड. इन कन्क्लूजन, कार इज बेटर बिकॉज इट सेव्ज टाइम.»

यात नेमकं काय चुकतंय? आणि आणखी शब्द पाठ केले तर फरक पडेल का?

अधोरेखित

शब्द आणखी पाठ करू नका. अडचण शब्दांची नाहीच. मसुद्यात ओव्हरव्ह्यू नाही, आणि टास्क १ मध्ये सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. टास्क अचिव्हमेंट (विचारलेलं पूर्ण केलं का), कोहिअरन्स अँड कोहिजन (मांडणीचा ओघ), लेक्सिकल रिसोर्स (शब्दसंपदा) आणि ग्रामर अशा चार निकषांवर सारख्या वजनाने गुण मिळतात. त्यातल्या पहिल्या निकषात ७ बँड (बँड म्हणजे गुणांची पातळी) हवा असेल तर मुख्य कल स्पष्ट सांगणारा ओव्हरव्ह्यू लागतोच. आकडे सगळे बरोबर पण ओव्हरव्ह्यू नाही, असं उत्तर त्या निकषात ५ च्या आसपास अडकतं. मग व्याकरण कितीही स्वच्छ असो.

ओव्हरव्ह्यू म्हणजे आकडे झाकून ग्राफकडे पाहिलं तर जे दिसतं ते. तुमच्या ग्राफमध्ये काय दिसतं? कार सगळ्यात खालून सगळ्यात वर गेली. बस आणि सायकल दोन्ही घटल्या. २०१० नंतर तिन्ही रेषा उलट वळल्या. बस्स, एवढंच दोन वाक्यांत:

«ओव्हरऑल, कार यूज रोझ कन्सिडरेबली ओव्हर द पीरियड, व्हाइल द शेअर्स ऑफ बस यूजर्स अँड सायक्लिस्ट्स डिक्लाइन्ड. हाउएव्हर, ऑल थ्री ट्रेंड्स रिव्हर्स्ड आफ्टर २०१०.»

यात एकही टक्का आलेला नाही, आणि येऊही नये. आकडे पुढच्या परिच्छेदांत.

शेवटचं «इन कन्क्लूजन» वाक्य पूर्ण काढा. कार चांगली का वाईट हे कुणी विचारलेलं नाही. ग्राफमध्ये नसलेलं कारण लिहिलं की ते अप्रस्तुत ठरतं, आणि कार वेळ वाचवते हे या ग्राफमध्ये कुठेच नाही. मत मांडायची जागा टास्क २, म्हणजे निबंधाचा प्रश्न.

पहिलं वाक्यही अर्धवट आहे. कशाचे टक्के, कुठले लोक, कुठून कुठपर्यंतची वर्षं, हे तिन्ही त्यात यायला हवं. प्रश्नातली वाक्यरचना जशीच्या तशी उतरवू नका, उतरवलेला भाग तुमचं लेखन म्हणून धरत नाहीत. प्रश्नात «द परसेंटेज ऑफ कम्यूटर्स यूजिंग थ्री मोड्स ऑफ ट्रान्सपोर्ट» असेल तर «हाउ पीपल ट्रॅव्हल्ड टू वर्क» असं फिरवा. मात्र बस, कार हे शब्द बदलण्याच्या फंदात पडू नका.

वेळेचं गणित: एकूण ६० मिनिटांतली २० टास्क १ ला. टास्क २ चं वजन दुप्पट असल्यामुळे इथे २५ मिनिटं घालवणं परवडत नाही. पहिली ४-५ मिनिटं फक्त बघायला आणि गट पाडायला, १२ मिनिटं लिहायला, उरलेली तपासायला. किमान १५० शब्द हवेत. १७० ते १९० मध्ये काम व्हावं. त्याच्या फार पुढे गेलात तर समजा की प्रत्येक आकडा उतरवताय.

क्रियापद

ओव्हरव्ह्यूबद्दल अधोरेखित यांच्याशी सहमत. मी फक्त वाक्यांकडे बघतो.

«बस वॉज ४५ परसेंट»: बस ४५ टक्के नसते, बसने जाणाऱ्यांचं प्रमाण असतं. इंग्रजीत रेषेचं नाव कर्ता म्हणून बसवणं ही आपल्याकडची फार जुनी सवय, कारण मराठीत «बस ४५ टक्के» बोलताना खपून जातं. कर्ता असा हवा: «द प्रपोर्शन ऑफ बस यूजर्स», «द फिगर फॉर बसेस» किंवा नुसतं «बस यूज». हे तीन आलटूनपालटून वापरले की एकसुरीपणा अर्धा तिथेच जातो. क्रियापदांची यादी पाठ करून जो जात नाही, तो कर्ता बदलून जातो.

«वॉज डिक्रीज्ड»: इथे वॉज नको. आकडा आपोआप कमी झाला तर «डिक्रीज्ड» एवढंच. वॉज लावलं की कुणीतरी मुद्दाम कमी केला असा अर्थ होतो. राइझ आणि रेझची गल्लत याच जातीची. राइझ, रोझ, रिझन हे आपोआप वाढणं. रेझ म्हणजे कुणीतरी वाढवणं, आणि ग्राफच्या वर्णनात त्याची गरज क्वचितच पडते.

«रोझ अप»: अप काढा, रोझमध्येच वर आलं. तसंच «फेल डाउन» नको. तो माणूस पडतो, आकडा नाही.

«रोझ बाय ६० परसेंट»: ही सगळ्यात गंभीर चूक, कारण इथे भाषा नाही, माहितीच चुकते. टू म्हणजे कुठे पोचला, बाय म्हणजे कितीने बदलला. कार ६० वर पोचली, म्हणून «रोझ टू ६० परसेंट». नामरूपात लिहिलंत तर फरकासाठी ऑफ आणि कशात वाढ त्यासाठी इन: «अ राइज ऑफ २० परसेंटेज पॉइंट्स इन कार यूज». उंचीसाठी ॲट: «स्टुड ॲट ४५ परसेंट», «पीक्ड ॲट ६० परसेंट». पण «रीच्ड अ पीक ऑफ ६० परसेंट». टू, बाय, ऑफ, इन, ॲट ही पाच अव्ययं पक्की झाली की टास्क १ चं निम्मं व्याकरण झालं.

«ड्रॅमॅटिकली»: ४० वरून ३० हा नाट्यमय उतार नाही. क्रियाविशेषण निवडताना दोन वेगळे प्रश्न विचारा. बदल किती वेगाने झाला? शार्पली, रॅपिडली, स्टेडिली, ग्रॅज्युअली. बदल किती मोठा झाला? स्लाइटली, कन्सिडरेबली, सबस्टॅन्शली. एखादा बदल मोठा पण संथ असू शकतो. या ग्राफमध्ये शार्पली शोभेल ते फक्त कारच्या १९९० ते २००० च्या टप्प्याला, ३५ वरून ५५. तीच सगळ्यात उभी रेघ आहे.

स्टेडीचा सापळाही बघून ठेवा. «रिमेन्ड स्टेडी» म्हणजे जागच्या जागी राहिलं, «अ स्टेडी राइज» म्हणजे एका गतीने वाढत गेलं. एकच शब्द, अर्थ उलटे.

आणि सायकल फ्लक्च्युएट झालेली नाही. त्यासाठी रेघ निदान दोन-तीनदा वरखाली व्हायला हवी. ही घसरली, १५ वर सपाट झाली, मग सावरली. म्हणून «फेल टू १५ परसेंट, लेव्हल्ड ऑफ, अँड देन रिकव्हर्ड टू २५ परसेंट».

पाणवठा

परिच्छेद कसे पाडायचे हे कुणी सांगितलं नाही अजून. तीन वाहनं म्हणून तीन परिच्छेद केले तर तुलना होतच नाही, आणि प्रश्नात «मेक कंपॅरिझन्स व्हेअर रेलेव्हंट» असं स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या मते एका परिच्छेदात कार, दुसऱ्यात बस आणि सायकल एकत्र, कारण त्या दोघी एकाच दिशेने जातात.

अधोरेखित

एरवी मीही तसंच सुचवलं असतं. पण इथे २०१० हा तिन्ही रेषांचा वळणबिंदू आहे, त्यामुळे काळाने तोडणं जास्त सोपं. एक परिच्छेद १९८० ते २०१०, दुसरा शेवटच्या दशकाचा. प्रत्येक परिच्छेदात तिन्ही वाहनं शेजारी येतात आणि तुलना ओढूनताणून आणावी लागत नाही. वळणबिंदू वेगवेगळ्या साली असते तर पाणवठा यांची मांडणी घेतली असती.

ग्राफमध्ये पंधरा आकडे आहेत. उत्तरात आठ-नऊ पुरे. सुरुवात, शेवट, शिखर, तळ आणि जिथे रेषा एकमेकींना छेदतात ती जागा, एवढे ठेवा. बसचा १९९० चा ४० आणि सायकलचा १९९० चा २५ हे वाटेतले थांबे आहेत, खुशाल गाळा.

छेदनबिंदू मात्र सोडू नका. कारने बसला मागे टाकलं ते १९९० नंतर लगेच: १९९० ला ४० विरुद्ध ३५, २००० ला ३० विरुद्ध ५५. लाइन ग्राफ असल्यामुळे «शॉर्टली आफ्टर १९९०» म्हणता येतं. हेच आकडे बार चार्टमध्ये असते तर मधल्या वर्षांबद्दल काहीच माहीत नाही, मग «बाय २०००» एवढंच म्हणा.

कोराकागद

मनापासून आभार, खूप उलगडा झाला. तीन शंका राहिल्या. परसेंट आणि परसेंटेज पॉइंट्समधला फरक काय? बिंदू दोन आडव्या रेघांच्या मध्ये आला तर आकडा कसा लिहायचा? आणि पाय चार्टमध्ये काळच नसेल तर ट्रेंड कुठून आणायचा?

क्रियापद

कार २० वरून ६० वर गेली. दोन टक्क्यांतली वजाबाकी ४०, म्हणून वाढ ४० परसेंटेज पॉइंट्सची. मूळ २० च्या तुलनेत बघितलं तर वाढ २०० परसेंट. म्हणजे «रोझ बाय ४० परसेंट» हे इथे चक्क चूक. हिशेबात पडायचं नसेल तर «फ्रॉम २० टू ६० परसेंट» किंवा «ट्रिपल्ड» लिहा, दोन्ही निर्धोक. परसेंटच्या आधी आकडा लागतो, आकडा नसेल तर परसेंटेज: «६० परसेंट ऑफ कम्यूटर्स», पण «द परसेंटेज ऑफ कम्यूटर्स».

बिंदू रेघेवर बसला असेल तर अराउंड, रफली लावू नका, तो अचूक आकडा आहे. मध्ये असेल तर अंदाज सांगा: ४० च्या किंचित वर «जस्ट ओव्हर ४०», ५० ला टेकत आला असेल तर «जस्ट अंडर ५०», अधेमधे असेल तर «अराउंड ४५». लिहिण्याआधी उभ्या अक्षाचं एकक बघा. थाउजंड्स किंवा मिलियन्स नजरेतून सुटलं तर सगळे आकडे हजारपटीने किंवा दहा लाखपटीने चुकतात. अक्ष शून्यापासून सुरू होतो का तेही बघा. ५० पासून सुरू होत असेल तर छोटासा चढही उभा कडा वाटतो.

पाणवठा

पाय चार्ट एकाच वर्षाचा असेल तर ट्रेंड नसतोच. तिथे रोझ, फेल लिहिलंत की वाचणाऱ्याला कळतं, पाठ केलेलं ओतलंय. तिथे «अकाउंटेड फॉर», «मेड अप», «ट्वाइस ॲज मेनी ॲज», «द लार्जेस्ट शेअर» ही भाषा. दोन वेगळ्या वर्षांचे दोन पाय असतील तर बदल आहे, पण फक्त या टोकापासून त्या टोकापर्यंतचा. मधे काय झालं ते दिसत नाही, म्हणून फ्लक्च्युएटेड, पीक्ड आणि स्टेडिली तिथे बाद.

काळाचं थोडक्यात: पहिलं वाक्य वर्तमानात, «शोज» किंवा «इलस्ट्रेट्स». गेलेल्या वर्षांचे आकडे साध्या भूतकाळात. «बाय २०१०» आलं की «हॅड रीच्ड» शोभतं. येणाऱ्या वर्षांसाठी «इज प्रोजेक्टेड टू राइझ». तिथे नुसतं विल लिहिलं तर अंदाज खात्रीसारखा वाचला जातो. तक्त्याला वर्षच नसेल तर सगळं साध्या वर्तमानकाळात.

कोराकागद

पुन्हा लिहिलेले मुख्य दोन परिच्छेद:

«बिटवीन १९८० अँड २०१०, द प्रपोर्शन ऑफ कार यूजर्स ट्रिपल्ड फ्रॉम २० टू ६० परसेंट, ओव्हरटेकिंग द फिगर फॉर बसेस शॉर्टली आफ्टर १९९०. बस यूज, विच हॅड बीन द मोस्ट कॉमन ॲट ४५ परसेंट, फेल टू २५ परसेंट. द शेअर ऑफ सायक्लिस्ट्स मोअर दॅन हाव्ह्ड टू १५ परसेंट बाय २००० अँड देन लेव्हल्ड ऑफ.

इन द फायनल डेकेड, कार यूज फेल बाय १५ परसेंट, बट इट रिमेन्ड द मोस्ट पॉप्युलर ऑप्शन. सायक्लिंग अँड बस यूज रोझ टू ३० अँड २५ परसेंट रिस्पेक्टिव्हली.»

क्रियापद

पहिला परिच्छेद उत्तम. «मोअर दॅन हाव्ह्ड» बरोबर आहे, ३५ चं निम्मं साडेसतरा आणि आकडा त्याच्याही खाली गेला.

दुसऱ्यात दोन दुरुस्त्या. ६० वरून ४५ म्हणजे १५ परसेंटेज पॉइंट्स, परसेंटने मोजलं तर घट २५ परसेंटची. «फेल टू ४५ परसेंट» लिहिलंत की प्रश्न मिटला. आणि रिस्पेक्टिव्हलीत क्रम उलटा झालाय: सायकल आधी लिहिली आहे, तर २५ आधी यायला हवा. तपासायच्या मिनिटांत रिस्पेक्टिव्हली दिसलं की मागे जाऊन नावं आणि आकडे जोडीने बोट ठेवून जुळवा.