मदत हवी आहे: खानापूर तालुका (बेळगाव), पोलीस ठाण्याची कन्नड नोटीस, कलम 35(3), अटक होईल का?

शिवार_खानापूर: बांधावरून मारामारी झाली, समोरच्यांनी तक्रार दिली. आता चुलतभावाला सोमवारी सकाळी ठाण्यात हजर राहायची नोटीस आली आहे. सगळी कन्नडमध्ये. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली: नागरिक सुरक्षा संहिता कलम 35(3), गुन्हा न्याय संहिता 118(1). गेला की तिथंच बसवतील का? तोवर महाराष्ट्रात चंदगडला मामाकडं पाठवावं असं घरचे म्हणतात. मराठीत कागद मागता येतो का?

मार्कंडेयकाठ: चंदगडला अजिबात पाठवू नका. राज्याची हद्द ओलांडून अटक करता येते आणि गैरहजेरी हेच अटकेचं कारण होतं. 35(3) म्हणजे अटक न करता चौकशीला बोलावणं. 1 जुलै 2024 पूर्वी हीच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली 41-अ ची नोटीस होती. 118(1) म्हणजे हत्यारानं दुखापत, शिक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं. 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं अर्नेश कुमार प्रकरणात 2014 सालीच बजावलंय. भाऊ नोटीस पाळत राहिला, तर अटकेची गरज का पडली हे अधिकाऱ्याला लेखी नोंदवावं लागतं. सोमवारी खरंच जमत नसेल तर आधीच मुदतीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. फोनवर कळवलं होतं, याला पुरावा नसतो.

वकिली_बेळगाव: खरी गोची सहीपाशी होते. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायचीच नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181 तसं स्पष्ट सांगतं. नोटिशीची पोच, पंचनामा, अटक मेमो यांवर सह्या असतात. म्हणून कन्नड कागद पुढं आला की आधी विचारायचं, हा कसला कागद? मराठीतून सांगायला लावायचं आणि सहीशेजारी स्वतःच्या हातानं लिहायचं: ‘मजकूर मला वाचता येत नाही, मराठीत समजावून सांगितला’. सांगितला नसेल तर ‘सांगितला नाही’, खाली तारीख, वेळ. कोऱ्या कागदावर सही नाहीच.

आणखी एक. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण कोठडीत ‘विळा गोठ्यामागं टाकला’ असं सांगितलं आणि तिथं विळा सापडला, तर तेवढं वाक्य पुरावा म्हणून येतं. स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नावर गप्प राहणं हा घटनेच्या 20(3) चा हक्क आहे. नाव-पत्ता मात्र खरा सांगावा.

शिवार_खानापूर: आणि मराठीचं?

वकिली_बेळगाव: नोटीस, एफआयआर मराठीत मागायला हरकत नाही, पण मिळेलच असं नाही. अटकेचं मात्र वेगळं. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. मिहीर शाह प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. अटकेच्या क्षणी शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी (कोठडी मागायला) मॅजिस्ट्रेटपुढं हजर करण्याच्या किमान 2 तास आधी कागद हातात हवा. भावाला मराठीच कळतं, हे मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्याच वेळी सांगा आणि नोंदवून घ्या. नंतर सांगितलं तर ‘तेव्हा का बोलला नाहीत’ असं विचारतात.

हिंडलगा_रोड: अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, रविवार असला तरी. घरच्या माणसाला कळवणं आणि वैद्यकीय तपासणीही बंधनकारक. अंगावर मार असेल तर डॉक्टरांना तिथंच दाखवा, कागदावर येऊ द्या. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. वकिलाची ऐपत नसेल तर 15100 या मोफत कायदा मदतीच्या नंबरवर फोन लावा, नाहीतर खानापूर कोर्टातल्या तालुका कायदा सेवा समितीत जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळताना उत्पन्न बघत नाहीत.

118(1) अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही, म्हणून सोमवारच्या आधी वकिलाला नोटीस दाखवाच. अटकपूर्व जामिनाचा अर्ज बेळगावच्या सत्र न्यायालयात. तिथं फेटाळला तर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ.

मार्कंडेयकाठ: जामीनदार म्हणून मामा चालतात का, हेही विचाराल. परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या मोती राम निकालात 1978 पासून आहे. तरी स्थानिक एकजण तयार ठेवा, शेताचा उतारा आणि आधार घेऊन. महाराष्ट्राचा सातबारा पडताळायला वेळ जातो आणि तेवढे दिवस माणूस आत राहतो.