स्वित्झर्लंडचं त्सुग : कमी कर, तळं, डोंगर. राहणाऱ्यांनो, लिहा!

सह्यकडा : आज कुणीतरी त्सुगरबेर्गचा (त्सुगजवळचा डोंगर) फोटो पाठवला, खाली ढग आणि वर लख्ख ऊन. जुने दिवस आठवले, म्हणून हा धागा. प्राप्तिकर इथे तिघांना जातो: संघराज्य, कँटन (म्हणजे राज्य) आणि गाव. संघराज्याचा दर सगळीकडे सारखाच. त्सुग स्वस्त पडतं ते उरलेल्या दोघांमुळे. पण हिशोब भाडं धरून करा. मध्यम पगारात वाचलेला कर भाड्यातच जिरतो.

मीनाक्षी_त : बी परमिटवाल्यांचा (परदेशी लोकांचा राहण्याचा परवाना) कर पगारातूनच कापतात. वर्षाचा एकूण पगार १,२०,००० फ्रँकवर गेला की विवरणपत्र भरावंच लागतं. त्याखाली असाल तर ३अ या स्वतःहून उघडायच्या पेन्शन खात्याची वजावट (२०२५ ला नोकरदारांना ७,२५८ फ्रँकपर्यंत) आपोआप मिळत नाही, पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत अर्ज करावा लागतो. एकदा केला की दरवर्षी विवरणपत्र भरायचं, मागे फिरता येत नाही. आधी आकडेमोड करा!!

खडकवासला : +१. आणि पुण्यातला फ्लॅट दाखवाच. त्यावर इथे कर नाही, पण दर ठरवताना तो धरतात. भारतातली एफडी मात्र थेट संपत्तिकरात. शेअर विकून झालेला नफा सामान्य गुंतवणूकदाराला करमुक्त, लाभांश नाही.

स्वातीकाकू : कुकर लावलाय, पटकन लिहिते. गावात नाव नोंदवताना धर्माचा रकाना नीट भरा. चुकून कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट नोंद झाली तर चर्चकर लागतो. आरोग्यविमा ३ महिन्यांत घ्यायचा, पण हप्ता आल्या दिवसापासूनचा भरावा लागतो. तेवढे पैसे बाजूला ठेवा.

निखिल८८ : झुरिकहून येणारे, ऐका. विवरणपत्र भरत असाल तर ३१ डिसेंबरला जिथे राहता त्या कँटनचा दर अख्ख्या वर्षाला लागतो. घर जानेवारीऐवजी डिसेंबरात हलवा.

रेवा : @निखिल८८ घर मिळालं तर ना :( भाड्याच्या अर्जाला काय काय जोडायचं?

निखिल८८ : थकबाकी नसल्याचा दाखला (बेट्राइबुंग्सआउसत्सुग), पगारपत्रकं, परमिटची प्रत. दाखला ताजा हवा, जुना असला की अर्ज मागे पडतो. अनामत जास्तीत जास्त ३ महिन्यांचं भाडं, तीही तुमच्याच नावाच्या बँक खात्यात. घरमालकाच्या खात्यात टाकू नका. घर न दाखवता आधी पैसे मागणारा हमखास फसवणारा.

सह्यकडा : रेवा, धीर धर, मिळेल. शेजारच्या श्वित्स कँटनमध्येही बघ. पण तिथे गावागावात दर फार बदलतो. वोलेराऊ, फ्रायनबाख स्वस्त, म्हणून तिथली भाडीही चढलेली.

स्वातीकाकू : हिवाळ्यात तळ्याकाठी दिवसचे दिवस ढग बसतो गं. ११ नंबरच्या बसने शोनेगला जा, तिथून डोंगररेल्वेने त्सुगरबेर्गवर. बऱ्याचदा वर ऊन असतं. लहान मुलांना आणि आपल्या मनाला, दोघांनाही हवं.

रेवा : थँक्यू काकू! तिथला तो चेरीचा केक मुलांना चालेल का?

स्वातीकाकू : किर्शटोर्ट? अजिबात नको. आतला केक किर्श दारूच्या पाकात भिजवलेला असतो. मुलांना दारू नसलेला साधा केक घे.