मदत हवी आहे: सिंधुदुर्गात रात्री अपघात झाला तर जवळचं रुग्णालय की थेट गोव्यातलं बांबोळी?

नमस्कार. मी पुण्यात असते. आईबाबा आणि काका-काकू सिंधुदुर्गात, महामार्गापासून चारेक किलोमीटर आत. गेल्या महिन्यात रात्री चुलतभावाच्या बाइकसमोर गुरं आली. हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. पडल्यावर तो उठला, बाइक स्वतःच बाजूला घेतली, पाणी प्यायला, मला काही झालं नाही म्हणाला. अर्ध्या तासानं उलटी झाली आणि बोलता बोलता डोळे मिटायला लागले.

काकांनी शेजाऱ्याच्या गाडीतून जवळच्या रुग्णालयात नेलं. टाके घातले, सलाईन लावलं, आणि इथं सीटी स्कॅन नाही, पुढे न्या, असं सांगितलं. पुढे म्हणजे कुठे? काकांच्या डोक्यात आले ओळखीचे हाडांचे डॉक्टर. तिथे सीटी झाला, कवटीखाली रक्त साकळल्याचं कळलं, पण मेंदूचा सर्जन नव्हता. मग बांबोळी. पावणेदहाला पडलेला माणूस पहाटे दोनला तिथल्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचला. ऑपरेशन झालं, वाचला. अजून शब्द शोधत बोलतो.

रात्री अकराला एका माणसाच्या भरवशावर चाललेल्या रुग्णालयाला मी काय बोलणार? त्यामुळे राग काढायला हा धागा काढलेला नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय की कुठल्या दुखापतीला कुठं न्यायचं हे आमच्यासारख्यांनी आधीच ठरवून ठेवायचं तर कसं? जवळचं रुग्णालय सोडून थेट गोव्यात नेलं आणि वाटेत काही झालं तर? शिवाय 'ट्रॉमा केअर' अशी पाटी बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात लेव्हल एक, दोन, तीन असतात म्हणे. मी तर तीन म्हणजे सगळ्यात मोठं समजत होते! घरी फ्रिजवर लावायला एक कागद करायचाय, त्यावर काय लिहू?

भूलवाला (जिल्हा पातळीवर बरीच वर्षं भूल दिली आहे)

उलटं आहे. एक सगळ्यात वरचं. केंद्र सरकारनं अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७-१२) राष्ट्रीय महामार्गांवर ही उतरंड आखली. लेव्हल चार म्हणजे सुसज्ज रुग्णवाहिका. तीन म्हणजे साधारण शंभर-दोनशे खाटांचं तालुका-जिल्ह्याचं रुग्णालय. तिथं श्वास, रक्तस्राव सांभाळायचा, गरज पडली तर पोट उघडायचं आणि माणूस पुढे पाठवण्याजोगा करायचा. दोनमध्ये सर्जन, हाडांचा डॉक्टर, भूलतज्ज्ञ चोवीस तास इमारतीत हवेत. मेंदूचा सर्जन मात्र तिथंही 'असल्यास उत्तम' या सदरात, नाहीतर सहा महिने ते काम शिकून आलेला जनरल सर्जन. सगळं एका छपराखाली फक्त एकमध्ये. पण ही कागदावरची व्यवस्था झाली. पाटीवर आकडा नसतो, आणि असला तरी आज रात्री ड्युटीवर कोण आहे ते पाटी सांगत नाही.

तुमच्या भावाला झालं त्याला आम्ही ल्युसिड इंटरव्हल म्हणतो. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत असतं आणि माणूस तोवर शुद्धीत, कधी चेष्टासुद्धा करतो. म्हणून 'बोलत होता की' यावर कधीच जाऊ नका.

माझा ठोकताळा असा: श्वास नीट चालत नाही, घरघर आहे, दाबूनही रक्त थांबत नाही, हातपाय गार पडलेत, तर सगळ्यात जवळचं दार गाठा, मग ते ग्रामीण रुग्णालय का असेना. श्वासाची नळी घालायला आणि रक्तस्राव आवरायला सीटी लागत नाही. पण श्वास, नाडी ठीक आणि डोक्याला मार, उलटी, गुंगी, एका बाजूला अशक्तपणा असेल तर सीटी आणि मेंदूचा सर्जन दोन्ही जिथे आहेत तिथेच जायचं. मधला थांबा, विशेषतः ओळखीचा, टाळा. आणि निघण्याआधी इथल्या डॉक्टरला तिथल्या डॉक्टरशी फोनवर बोलायला लावा. चिठ्ठीवर वेळ, शुद्धीचा आकडा (जीसीएस), दिलेली औषधं हवीत. सीटीची फिल्म बरोबर घ्या, ती मागे राहिली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

देवबागकर

खरा सांगूचा तर, ताई, शेजाऱ्याची गाडी हीच पयली चूक. म्हणजे त्याचा हेतू चांगलाच, पण मागच्या सीटवर मान दुमडून नेतात. १०८ ला फोन करा. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. आमच्याकडून रेफर केलेला पेशंट घेऊन १०८ बांबोळीला जाते, हद्दीचा प्रश्न येत नाही. घाटावर कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा बेळगाव आहे, पण पावसात रात्री आंबोलीच्या धुक्यात गाडी कोण घालणार? ओरोसचं जिल्हा रुग्णालय आता मेडिकल कॉलेजला जोडलंय. तिथं त्या वेळी काय मिळेल ते १०८ च्या डॉक्टरलाच विचारायला सांगा.

पैशाचं पण सांगतो, कारण आमच्याकडे निम्मा वेळ त्यातच जातो. बांबोळीत २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागतं, तेव्हा आधार, रेशनकार्ड बरोबर ठेवा. रस्ते अपघात असेल तर केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५ मध्ये आली आहे: दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस, नेमून दिलेल्या रुग्णालयांत. आणि उचलणाऱ्याला पोलिस अडकवतील ही भीती सोडा, सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

मेलबर्नची_मावशी

इथे व्हिक्टोरियात अख्ख्या राज्यात मोठ्या अपघातांसाठी तीनच रुग्णालयं ठरवलेली आहेत, दोन मोठ्यांसाठी आणि एक मुलांसाठी. तिन्ही मेलबर्नमध्ये. बाकी गावांतल्या रुग्णालयांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, तेही ठरलेलं. कुठं न्यायचं ते रुग्णवाहिकेतला माणूस ठरवतो, नातेवाइकांना कुणी विचारतही नाही. पहिल्यांदा मला ते उद्धट वाटलं होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, 'नातेवाइकांना विचारत नाही' हे वाचून हेवा वाटला. आमच्याकडे त्या रात्री सात जण सात मतं देत होते, त्यात एक मी, पुण्यातून, फोनवर.

कागद केलाय. वर १०८, खाली 'बोलत असला तरी थांबू नका', मग डॉक्टरांचा ठोकताळा, आणि चिठ्ठी-फिल्म-आधार. काकांनी वाचून 'हाडवैद्याचा नंबर राहिला' म्हटलं, तो मुद्दाम घातला नाही.

एक राहिलं. बाबांना हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, वय ७२. ते अंगणात नुसते घसरून डोक्यावर पडले, टेंगूळ आलं आणि बाकी काही नाही, तरी हेच सगळं करायचं का?

भूलवाला

हो. गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) कागदाच्या पहिल्या ओळीत, १०८ च्याही वर लिहा. अशा माणसाचं टेंगूळ घरी बघत बसायचं नाही. उलटी नसली, चालत असले, चहा मागत असले तरी त्याच दिवशी सीटी. आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाबरून गोळी बंद करू नका, झडपेवर गुठळी झाली तर ते निराळंच संकट.